पायाळूची कंबर

रविवार उजाडला की मनुबाईच्या दारात कमरा धरलेली माणसं येऊन बसायची. कुणी काठी टेकत यायचं, कुणी बायकोच्या खांद्यावर हात टाकून, तर कुणाला बैलगाडीत कडब्यावर पालथं घालून आणायचे. मनुबाई पायाळू होती. आईच्या पोटातून तिचे आधी पाय आले, डोकं मागनं. अशा माणसाच्या पायाला गुण असतो, उसण भरलेल्या कमरेवर त्यानं अनशापोटी डाव्या पायाच्या तीन लाथा घातल्या की उसण पळते, हे निपाणीपासून सदलग्यापर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरात मनुबाईच्या शब्दाला फारशी किंमत नव्हती, पण लाथेला होती.

त्या रविवारी सदलग्याकडचा रायगोंडा आला होता. दांडगा जैन शेतकरी, दावणीला चार बैल, पण उंबऱ्यावर पालथा पडताना लहान पोरासारखा कण्हत होता.

"नडा हिडदैत्री, अव्वा," तो म्हणाला. मग मनुबाईला कानडी कळलं नसेल असं वाटून त्यानं मराठीत सांगितलं, "कंबर धरलीया बगा. बसाय येत न्हाय, उठाय येत न्हाय. लोकास्नी वाटतंय मी कामाला भितोय."

मनुबाईनं दाराची चौकट धरली, डावा पाय उचलला आणि अंगठ्यानं त्याची कंबर चाचपली. दुखरी जागा तिच्या पायाला बरोबर सापडायची. मग टाचेनं एक, दोन, तीन. रायगोंडा मोठ्यानं ओरडला, हळूच उठला, इकडं वळला, तिकडं वळला आणि तोंडभर हसला. "हगूर आतु! हलकं झालं बगा!" पायाळूनं कुणाकडून काही घ्यायचं नसतं, घेतलं तर गुण जातो. म्हणून त्यानं आणलेले नारळ उंबऱ्याबाहेर ठेवले आणि ते मनुबाईच्या सासूनं, नागुबाईनं, पदरात घालून आत नेले. सासू काही पायाळू नव्हती.

माणसं पांगायला लागली तशी मनुबाई शेण काढायचं निमित्त करून गोठ्यात गेली. मेढीच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली आणि दातावर दात दाबून तिनं डोळे मिटले. तिची स्वतःची कंबर पेटली होती.

हे दुखणं आजचं नव्हतं. धाकटी पोर झाली आणि बाळंतपणाची ओल अंगातून जायच्या आत ती तंबाखूच्या लावणीला गेली, तेव्हा कमरेत जे येऊन बसलं ते उठलंच नाही. सकाळी जाग आली की आधी कुशीवर वळायचं, मग हात टेकायचा, मग भिंत धरायची. दळायला बसलं की उठवत नव्हतं आणि उठलं की बसवत नव्हतं. पण बोलायचं कुणाला? पायाळूचीच कंबर दुखते म्हटल्यावर गावानं दात काढले असते. शिवाय आजीनं तिला लहानपणीच बजावून ठेवलं होतं, की पायाळूनं आपलं दुखणं बोलून दाखवलं की पायातला गुण उतरतो. त्या घरात मिरवायला मनुबाईकडं तेवढा एक गुणच होता. म्हणून तिनं एवढी वर्षं दुखणं गिळलं आणि वरून हसत राहिली.

आणि धाकट्या जावेनं, शालूनं, तेच दुखणं चारचौघांत बोलून दाखवलं होतं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी शालूनं वैरणीचा भारा उचलला आणि "आई गं" करून जी खाली बसली ती बसलीच. तेव्हापासून सगळं घर तिच्याभोवती गोळा झालं. दीर गुंडू तिला धरून उठवायचा, धरून बसवायचा, संध्याकाळी दार लोटून कमरेला तेल चोळायचा. नागुबाई तिला हळद घालून दूध द्यायची. गुंडूनं तिला बैलगाडीतून निपाणीच्या डॉक्टरकडं नेलं. येताना शालूच्या हातात उग्र वासाच्या औषधाची बाटली होती आणि मनगटात नव्या हिरव्या बांगड्या. दुखणं कमरेला आणि बांगड्या हाताला, हा कुठला उपचार, असं मनुबाईच्या मनात आलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या धन्यानं, भरमूनं, तिला कधी बाजाराला सुद्धा गाडीत बसवून नेलं नव्हतं. तो पुढं चालायचा, ती मागनं डोक्यावर पाटी घेऊन.

जावाजावा आणि उभा दावा म्हणतात, ते काही उगीच नाही. पण मनुबाईचा हेवा तरी जगावेगळाच होता. बाया दुसरीच्या पाटल्यांवर जळतात, पोरांवर जळतात. ही जावेच्या दुखण्यावर जळत होती.

सगळ्यात मोठा घोळ होता तो चुलीचा. धुरानं नागुबाईचे डोळे अधू झाले होते. दसऱ्याला सोनं वाटून आल्यावर तिनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की आता माझ्याच्यानं रांधवत नाही, खुडणी सुरू झाली की चूल थोरल्या सुनेकडं आणि रान धाकटीकडं. ते ऐकून मनुबाईला देव पावल्यासारखं वाटलं होतं. तंबाखूची खुडणी म्हणजे कमरेचा काळ. गुडघ्याएवढ्या झाडाचा आधी शेंडा मोडायचा, मग प्रत्येक पानाच्या बगलेत फुटलेला कोंब काढायचा. एका टोकापासून निघालं की दुसऱ्या टोकापर्यंत वाकूनच चालायचं, आणि शेवटची सरी संपते तोवर पहिल्या सरीला पुन्हा कोंब आलेले असतात. हात चिकानं काळेकुट्ट होतात, भाकरी सुद्धा कडू लागते. यंदा ती खुडणी चुकणार म्हणून मनुबाई मनातल्या मनात दिवस मोजत होती. यंदाची खुडणी आपल्या कमरेला झेपायची नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती गोठ्यातून परत आली तेव्हा नागुबाई सोप्यात बसून नारळ वाजवून बघत होती. भरमू भाकरी खात होता. शेजारची अक्काताई आणि अजून दोन-चार बाया दारात रेंगाळत होत्या. शालू भिंतीला टेकून बसली होती, तिच्याजवळ गुंडू होता.

"मने," नागुबाई म्हणाली, "उद्यापासनं खुडणी हाय. तू जा रानात. शाली वाकत न्हाय, ती रांधंल."

मनुबाईच्या हातातली पाटी खालीच आली. "आत्याबाई, दसऱ्याला तुमीच म्हनलासा न्हवं, चूल थोरलीची म्हणून?"

"म्हनलं हुतं. तवा हिची कंबर धड हुती."

"मग माझी..." जिभेवर आलेला शब्द मनुबाईनं गिळला. "मग माझी इतकी वरसं कुठं गेली? ही आल्यापासनं एक खुडणी मी चुकवली न्हाय. आनि हिनं एक भारा उचलला तर हिला लगीच चूल?"

"मी काय मागून घेतलंय व्हय चूल?" शालू तिथूनच म्हणाली. "आनि एकबी खुडणी चुकवली न्हाय म्हनं! अवकाळी पाऊस गडगडाय लागला की कोण बसतं घरात? तुमी पायाळू, तुमास्नी इजंचं भ्या. आमी मरायचं भिजत. डोक्यानं जल्माला आलो ही आमची चूक!"

पायाळूवर वीज पडते म्हणून आभाळ आलं की मनुबाईला घरात बसवायचे, हे खरंच होतं. दारातल्या बाया फिसफिस हसल्या. भरमूनं घास थांबवला नाही.

"अगं, चार दिसांचा तर सवाल हाय," तो म्हणाला. "जा की. तुला काय धाड भरलीया?"

खुडणी पौषापर्यंत चालते हे त्यालाही माहीत होतं. पण ते वाकणं त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. गडी नांगर धरायचे, मोट हाकायचे, खुडणी बायांची.

अक्काताईला गप्प बसवेना. "काय गं नागूमावशी, घरात गंगा आनि तुमी तहानलेल्या! ही सदलग्याच्या माणसाला उभा करती, आनि जाऊ पडलीया आडवी. दे की गं मने, तिला तीन. बरी झाली की जाईल रानात."

"म्या कवाच म्हनलं हुतं," नागुबाई म्हणाली. "ही शालीच भिती. घाल गं शाले पालथं अंग. अजून मनीनं तोंडात काय घातलं न्हाय, रविवारबी हाय."

शालूनं गुंडूकडं बघितलं. गुंडू म्हणाला, "घे की. वैनीच्या पायाला गुण हाय." तशी ती हळूहळू उंबऱ्यावर आडवी झाली. आधी एका कुशीवर टेकली, मग हात लावून पालथी झाली.  मनुबाई स्वतः रोज सकाळी उठताना उलट्या क्रमानं तेच करत होती.

तिनं चौकट धरली. तिला मनापासून वाटत होतं, की आपल्या पायात जो काही गुण असेल तो आज सगळा उतरू दे, ही टुणकन उठू दे आणि जाऊ दे एकदाची तंबाखूत. अंगठ्यानं तिनं कंबर चाचपली. मणक्याच्या डाव्या अंगाला, माकडहाडाच्या थोडं वर, मांस दोरखंडासारखं ताठ झालं होतं. जागा तिच्या ओळखीची होती. तिच्या स्वतःच्या अंगावर तीच होती.

एक, दोन, तीन. शालू ओरडली नाही, नुसती माती मुठीत धरून पडून राहिली.

"गेली का गं?" नागुबाईनं विचारलं.

"न्हाय," शालू म्हणाली आणि रडायला लागली. "जास्तीच दुकतंय."

सगळ्यांच्या नजरा मनुबाईवर आल्या. उसण खरी आणि ती गेली नाही, तर पायाचा गुण गेला, गुणाबरोबर मान गेला आणि चूलही गेली. तिला विचार करायला वेळ लागला नाही. शालूच्या मनगटातल्या हिरव्या बांगड्या उन्हात चमकत होत्या, त्यांच्याकडं बघतच ती म्हणाली,

"हितं उसण न्हायच. माझ्या पायाला काय लागलंच न्हाय. नसलेली उसण मी कुठनं घालवू?"

दारातल्या बायांनी माना पुढं काढल्या. मग अक्काताई म्हणाली, "बया! म्हंजी सोंग?"

"मी कुठं तसं म्हनलं," मनुबाई म्हणाली. "माझ्या पायाला लागलं न्हाय, एवढंच म्हनलं."

पायाळूच्या पायानं निकाल दिल्यावर मग कुणाला विचारायचं? नागुबाईनं नारळ बाजूला ठेवला आणि तोंडाचा पट्टा सोडला. हळदीचं दूध काढलं, डॉक्टरची बाटली काढली, शालूच्या माहेरची सोंगाडी माणसं काढली. गुंडू मान खाली घालून उभा राहिला.  शालू मात्र उठून बसली आणि मनुबाईच्या तोंडाकडं बघत राहिली, तशी मनुबाई पाणी आणायला म्हणून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी शालू रानात गेली आणि मनुबाई चुलीपुढं बसली. दुभत्याचं शिंकं, धान्याची कणगी, मिठाचं मडकं, सगळं आता तिच्या हाताखाली आलं. पहिल्या दिवशी तिनं नुसती राख काढली तरी अंगावर मूठभर मांस चढलं. पण पहाटे जात्यावर बसली, पाण्याच्या खेपा केल्या, धुरात वाकून फुंकणी फुंकली आणि दुपार व्हायच्या आत तिच्या लक्षात आलं, की चुलीपुढं सुद्धा वाकावंच लागतं. फरक एवढाच, की इथं हात काळे होतात ते कोळशानं.

आणि सुख म्हणावं तर तेही अक्काताईनं ठेवलं नाही. दोन दिवसांनी ती विस्तव न्यायला आली आणि चुलीपाशी फतकल मारून बसली.

"मने, तुझ्या दिराचं कानावर आलं का?"

"काय?"

"बायकूबरूबर खुडणी करतोय की! बाई गं, आख्खं शिवार हसतंया. ती एक सरी धरती, हा तिची आनि आपली अशा दोन. दुपारी तिला झाडाखाली निजवतो, आनि आपण एकटा वाकतो. गडी माणूस, आनि तंबाखूचं कोंब काढतोय!"

अक्काताई हसत हसत विस्तव घेऊन गेली. मनुबाईची भाकरी तव्यावर करपली. शालीला रानात धाडून आपण तिचं काय वाईट केलं? तिला तर तिथं सुद्धा सावली मिळाली. इतकी वर्षं आपण सऱ्यांमागून सऱ्या खुडल्या, बांधावर भरमू बैलांना पाणी पाजत उभा असायचा, पण एकदा तरी वाकून त्यानं एक शेंडा मोडला का? एकदा तरी म्हणाला का, जरा बस? आपण हिचं दुखणं खोटं पाडलं, चूल मिळवली, आणि तरी हिचंच पारडं जड. संताप संताप झाला मनुबाईचा, आणि रडू आलं ते धुराच्या नावावर खपलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रानातून आरडाओरडा झाला. गुंडू शालूला पाठंगुळीला घेऊन येत होता. शेंडा मोडायला वाकली ती वाकलेलीच राहिली, सरळच होईना. अंगणात त्यानं तिला घोंगड्यावर ठेवली तरी ती तशीच, गुडघे पोटाशी घेऊन, ओठ पांढरे पडलेले. आळी गोळा झाली.

"ह्ये सोंग म्हंतासा?" गुंडू आईवर ओरडला. मग मनुबाईकडं वळला. "वैनी, तुमच्या पायाला लागलं न्हाय म्हनं. आता लागतंय का बगा!"

"रविवार न्हाय आज," मनुबाई कशीबशी म्हणाली.

"मरू दे रविवार!" नागुबाई घाबरली होती. "दे गं मने. मागल्या टायमाला चुकलं आसंल काय तरी. दे."

सगळी आळी बघत होती. मनुबाईनं पुढं होऊन भिंत धरली, डावा पाय उचलला, आणि त्याच क्षणी तिच्या कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाय खाली टेकवेना, वर धरवेना. एका पायावर उभी राहून ती भिंतीला चिकटली आणि तिच्या तोंडून, एवढी वर्षं दाबून ठेवलेली, मोठी किंकाळी बाहेर पडली.

"काय झालं गं?" भरमू धावला.

"कंबर... कंबर धरली!"

 मग मागं उभं असलेलं कुणीतरी म्हणालं, "आरं तिच्या! पायाळूलाच उसण भरली!" आणि सगळी आळी हसत सुटली. पोरं नाचायला लागली. अक्काताईनं तोंडावर पदर घेतला पण तिचं पोट हलत होतं. दुखणं हत्तीच्या पायानं येतं म्हणतात, तसं ते मनुबाईच्या अब्रूवरून चालत गेलं.

भरमू आणि गुंडूनं धरून तिला शालूच्या शेजारी घोंगड्यावर निजवलं. माणसं हसून दमली आणि आपापल्या रानात गेली, कारण खुडणी सगळ्यांचीच होती. नागुबाई कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "झालं! गेला हिचा गुण. दोघी सुना आडव्या. आता तंबाखू काय मी आंधळी खुडू?"

"ह्ये आजचं न्हाय, आत्याबाई," मनुबाई पडल्या पडल्या म्हणाली. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "धाकटी पोर झाल्यापासनं दुकतंय."

"आनि बोलली न्हाईस?" भरमू म्हणाला.

"तुमी कवा इचारलासा?"

भरमू मुंडासं गुंडाळत माणसं बघायला गावात गेला. रोजगारी बाया कुठं मिळेनात, कोंब तर थांबणारे नव्हते. शेवटी दोघा भावांनीच रानात जायचं ठरलं. भरमू जाताना म्हणाला, "त्यात काय एवढं! बायका करत्यात ते मी दोन पारात उरकीन."

जाण्याआधी भावांनी घोंगडं सोप्यात हलवलं होतं, तिथं दोघी जावा पाठीला पाठ लावून पडल्या.  मग मनुबाई म्हणाली, "शाले, तवा माझ्या पायाला लागलं हुतं. दोरखंडावानी लागलं हुतं."

"मला ठावं हाय."

"ठावं हाय?"

"तुमी उठताना भिंत धरतासा, मी कवापासनं बगतूया. तुमची कंबर दुकती ह्ये मला घरात आल्याबरूबर कळलं हुतं."

"मग बोलली न्हाईस?"

"का बोलू?" शालू म्हणाली. "आभाळ आलं की तुमी घरात, लोक दारात येऊन तुमच्या पाया पडणार, नारळ ठेवणार. मला कोण इचारतंय? लई जळायचं माझं. म्हनलं, दुकू दे हिचं."

मनुबाईला राग यायला हवा होता. पण आपल्या लाथांवर जळणारं कुणी या घरात होतं, हे ऐकून तिला जरा बरंच वाटलं. "मी तुझ्या बांगड्यांवर जळत हुतो," ती म्हणाली.

"त्या दोन आणे डझनाच्या? घ्या की!" शालूनं खरंच हात पुढं केला, आणि हसू आलं तशा दोघींच्या कमरेत एकदमच कळा आल्या.

सूर्य अजून माथ्यावरही आला नव्हता, तेवढ्यात दारात कण्हण्याचा आवाज आला. भरमू कमरेवर दोन्ही हात ठेवून, अर्धा वाकून, पाय ओढत आत येत होता. मागनं गुंडू त्याचं खुरपं आणि मुंडासं घेऊन.

"आई गं, मेलो," भरमू म्हणाला आणि सोप्यात आडवा झाला. "कंबर गेली माझी. दोन सऱ्या झाल्या आनि मोडलीच बग."

मग काय विचारता! नागुबाईचे अधू डोळे एकदम लख्ख झाले. "माझ्या लेकरा," करत ती धावली. घरातली एकुलती एक उशी आली. तेल गरम झालं. दुधात हळद पडली आणि वर गुळाचा खडा सुद्धा. डॉक्टरची बाटली शालूच्या उशाखालून निघाली ती सगळीच्या सगळी भरमूच्या कमरेवर रिकामी झाली. नागुबाई एका हातानं चोळत होती आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत होती.

मनुबाई घोंगड्यावरून बघत होती. तिची सगळी वर्षं एका बाजूला आणि धन्याच्या दोन सऱ्या एका बाजूला, आणि पारडं दोन सऱ्यांचंच खाली गेलं होतं. मघापर्यंत ती शालूवर जळत होती, ते आता कुठल्या कुठं विसरली. असं जळणं तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

"आक्का," शालू मनुबाईकडं वळून कुजबुजली, "बगतासा न्हवं?"

"बगतूया."

तेवढ्यात भरमू कण्हत म्हणाला, "अगं ए, तू पाय दे बरं. बगूया."

"व्हय गं मने," नागुबाई म्हणाली. "गावाला दिलास, नवऱ्याला दे."

"माझा गुण गेला म्हनलासा न्हवं सकाळी?"

"आसंल काय उरलंसुरलं. दे."

मनुबाई कुशीवर वळली. हात टेकला, भिंत धरली, उठून उभी राहिली. या खेपेला ते सगळं तिनं सगळ्यांदेखत केलं. मग धन्याच्या पालथ्या अंगाशेजारी येऊन ती थांबली.

"आदी एक सांगा," ती म्हणाली. "उद्या खुडणीला कोण जाणार?"

"कोणबी जाऊ दे! मी न्हाय."

"मीबी रोज न्हाय आनि शालीबी रोज न्हाय. एक दिस ती, एक दिस मी. जी रानात जाईल तिच्यासंगं तिचा धनी वाकंल. आनि चूल दोघींची. कबूल आसंल तर पाय उचलतो. नसंल तर पडा असंच पौषापतूर."

"मने!" नागुबाई ओरडली.

"आई, तू गप," भरमू उशीत तोंड खुपसून म्हणाला. "कबूल. समदं कबूल. दोन सऱ्यांत कळलं मला. मार आता एकदा."

मनुबाईला एका पायावर उभं राहवेना. शालू कशीबशी उठली, मागनं तिच्या दोन्ही दंडांना धरून उभी राहिली आणि तिच्या कानाशी लागून म्हणाली, "आक्का, जराशी जोरात."

पहिली लाथ मनुबाईनं बेतानं घातली. दुसरी जरा मोकळ्या पायानं. तिसरी घालताना तिला लावणीचा चिखल आठवला, बांधावर बैलांना पाणी पाजत उभा असलेला धनी आठवला, 'तुला काय धाड भरलीया' आठवलं. भरमूची किंकाळी अक्काताईच्या घरापर्यंत गेली असावी.

"काय रं लेकरा," नागुबाईनं घाबरून विचारलं, "बरं वाटलं का?"

भरमूच्या तोंडून शब्द फुटायच्या आत मनुबाई म्हणाली,

"लई बरं वाटलं, आत्याबाई."